टेबलाच्या पलीकडे

सरकारी नोकराने निवृत्तीनंतर काय करावे, याविषयी दिल्लीतील आम्हा मराठी नोकरमंडळींत दोन पंथ आहेत. एक पंथ पुण्याच्या आसपास दोन खोल्यांची जागा घेऊन ठेवतो आणि पुढील वीस वर्षे त्या जागेचे हप्ते, तिची गळती आणि तिचा भाडेकरू यांच्या विवंचनेत घालवतो. दुसरा पंथ काहीच करीत नाही. 'तेव्हाचे तेव्हा पाहू' हे त्याचे बोधवाक्य. आम्ही या दुसऱ्या पंथाचे. वयाची पस्तिशी उलटली आहे, उच्च श्रेणी लिपिकाची खुर्ची अंगवळणी पडली आहे आणि निवृत्तीला दोन तपांचा अवकाश आहे. तेव्हा या विषयात आम्ही डोके घालावे असे वस्तुतः काही कारण नव्हते. पण आमच्या साहेबांनी तिसरीच वाट धरली, आणि त्या वाटेच्या एका वळणावर आमचीच अडगळ पडलेली निघाली. म्हणून हे लिहिणे.

साहेब ३१ मे २०१९ रोजी निवृत्त झाले. तोपर्यंत चार वर्षे आम्ही त्यांच्या हाताखाली होतो. आमचे खाते परदेशी व्यापाराच्या कागदांचे. कोणास देशाबाहेर माल पाठवायचा असो वा बाहेरून आणायचा असो, त्यास आयात-निर्यातीचा संकेतांक घ्यावा लागतो. २०१७ साली जीएसटी आल्यापासून अर्जदाराचा पॅन क्रमांक हाच त्याचा संकेतांक झाला. शुल्क अवघे ५०० रुपये. अर्ज संगणकावरून येतात, तरी माणसेही येतातच. कोणाचा अर्ज अडलेला असतो, कोणास तो अडला आहे की नाही हेच समजत नसते. अशा माणसांपासून चार हात दूर राहण्याची दीक्षा आम्हांस साहेबांनी दिली. "टेबलाच्या अलीकडच्याने पलीकडच्याचा चहासुद्धा घेऊ नये," असे ते म्हणत. पानिपतच्या एका सतरंज्यांच्या व्यापाऱ्याने दिवाळीत पेढ्यांचा पुडा ठेवला, तेव्हा साहेबांनी तो शिपायाबरोबर परत तर पाठविलाच, वर पोचपावतीही आणविली. ती पावती यथाकाल नस्तीत लागली. आम्हांस त्या वेळी हसू आले होते. पुढे आम्हीही तसेच झालो.

साहेबांची कन्या मॉरिशसला दिलेली. जावई तेथल्याच मराठी कुळातले; पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यांवर मजुरीस कोकणातून गेले ते तेथलेच झाले. कोरोनाच्या काळात दोन वर्षे मुलीचे तोंड पाहावयास मिळाले नाही, तेव्हा साहेबांनी व बाईसाहेबांनी तिकडेच जाऊन राहावयाचे ठरविले. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी निवृत्तांस मॉरिशस सरकार राहण्याचा परवाना देते. मात्र दरमहा ठरलेली डॉलरांची रक्कम बाहेरून तेथील बँकेत आली पाहिजे, आणि तेथे नोकरी धरता येत नाही. साहेबांनी हा परवाना एखाद्या नस्तीप्रमाणे वाचला, अटींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या आणि २०२१च्या अखेरीस ते गेले. दर नोव्हेंबरात पेन्शनरास आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो ते पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायोगातून घेत. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हांस कळविले, "मी जिवंत आहे यावर आज सरकारी शिक्का पडला. आता वर्षभर काळजी नाही."

पण बसून राहणे हा त्यांचा पिंड नव्हता. २०२२च्या गणेशोत्सवात त्यांनी तेथील मराठी वस्तीतला गणपती पाहिला. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी असते, हे आमच्या वाचकांपैकी काहींस ठाऊक असेल. कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. माणसे आपसांत क्रिओल बोलतात, मुलांना शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे, आणि आरती सुरू झाली की साहेबांस आपण रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत उभे आहोत असे वाटे. साहेबांनी भेट म्हणून नेलेले फुलवातींचे एक पाकीट तेथल्या एका वृद्धेच्या हाती दिले. बाईंनी ते उघडले नाही. नाकाशी धरून वास घेतला आणि पदरात बांधून टाकले. उदबत्त्या तेथे हव्या तितक्या मिळतात. पण वळलेल्या फुलवाती, कापसाची वस्त्रे, केमचे कुंकू, उकडीच्या मोदकांचे चांगले पीठ आणि त्यांचे साचे यांची विचारणा साहेबांकडे त्या रात्री पाच-सहा घरांतून झाली. साहेबांनी घरी येऊन एक यादी केली. व्यापाराचे बी पडले ते तेथे.

धंदा जावयाच्या नावे निघाला. साहेब केवळ पत्रव्यवहार पाहणार, तोही बिनपगारी. पत्रव्यवहार पाहणे म्हणजे नोकरी होते काय, या प्रश्नावर त्यांनी स्वतःशीच एक टिपण लिहिले असेल, यात आम्हांस शंका नाही. अ-वर्गाच्या अधिकाऱ्यास निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत व्यापारी नोकरी पत्करावयाची तर सरकारची अनुमती लागते; ती मुदत केव्हाच उलटली असूनही ती कशी उलटली हे त्यांनी आम्हांस तारखांनिशी लिहून कळविले. विचारले कोणी नव्हते.

इकडून माल पाठविणाऱ्या सांगलीच्या ताई. साहेबांच्या मावसबहीण, यजमान गेल्यावर घरी हळदकुंकवाच्या पुड्या करून आसपासच्या दुकानांस देत आणि गल्लीतील आठ-दहा बायकांकडून फुलवाती वळून घेत. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, एवढे सोडले तर ताईंचा आणि सरकारी कागदांचा संबंध वीजबिलापलीकडे आला नव्हता. पुतण्याने संगणकावर बसून त्यांच्या नावे संकेतांक काढून दिला. अर्जात मोबाईलचा क्रमांक त्याने आपलाच घातला. हे लक्षात ठेवावे. पुढे कामास येईल.

यानंतर साहेबांची जी पत्रे येऊ लागली, त्यांची सर आम्हांस दुसऱ्या कशास येत नाही. ज्या माणसाने तीस-बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या कागदांवर आक्षेप घेतले, तो आता आक्षेपांच्या पलीकडच्या बाजूस जाऊन उभा राहिला होता, आणि तेथून दिसणारा देखावा त्यास नवाच होता. प्रत्येक पत्राच्या आरंभी एक वाक्य ठरलेले असे: "हे आपले मत मागविण्यासाठी नाही व आपण ते देऊही नये, केवळ गंमत म्हणून कळवितो."

पहिली गंमत कापराची. यादीत कापूर होता. कापूर हा आगबोटीच्या नियमांप्रमाणे ज्वलनशील घनपदार्थ. तो धोक्याच्या मालात मोडतो आणि त्याची घोषणा, वेष्टन, खुणेची चिठ्ठी हे सारे निराळे. दोन खोकी कापरासाठी हा खर्च परवडेना. "जन्मभर देवापुढे जो पदार्थ लावला, तो स्फोटकांचा चुलतभाऊ आहे हे मला साठी उलटल्यावर कळले," असे साहेबांनी लिहिले. कापूर गळला.

मग चौरंग. चौरंग ज्या फळ्यांच्या पेट्यांतून जावयाचे, त्या फळ्यांत किडे जाऊ नयेत म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे तापविलेले असले पाहिजे आणि तसा छाप त्यावर पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ताईंनी सांगलीच्या सुताराला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "लाकडाला ताप आणायचा म्हणता?" चौरंगही गळले, पुठ्ठ्याची खोकी तेवढी राहिली.

सगळ्यांत मोठी गंमत फुलवातीची. जगभरच्या जकातखात्यांत प्रत्येक वस्तूस एक अंक असतो. हळद ०९१० मध्ये जाते, अगरबत्ती ३३०७ मध्ये. पण फुलवात? ५९०८ हा अंक दिव्यांच्या वातींचा खरा, परंतु तो विणलेल्या किंवा गुंफलेल्या वातींचा. आणि आमची फुलवात तर तळहातावर दुधाचे बोट लावून वळलेली. मग ती कापसाच्या थरांच्या ५६०१ मध्ये बसवावी काय? साहेबांनी यावर दोन्ही बाजू मांडणारी दोन पाने लिहिली. अशी टिपणे आता आमच्या खात्यात कोणी लिहीत नाही. मुंबईच्या क्लिअरिंग एजंटाने, कळते ते असे की, ती न वाचता अर्ध्या मिनिटात एक अंक घालून टाकला आणि माल सुखरूप गेला.

हा पहिला माल लहानसा होता, महाशिवरात्रीसाठी. २०२३च्या फेब्रुवारीत मॉरिशसभरची माणसे पायी चालत गंगा तलावास गेली, त्यांतल्या काहींच्या पिशव्यांत सांगलीच्या वाती होत्या. पैसे आले. निर्यातीचे पैसे त्या वेळच्या नियमाप्रमाणे नऊ महिन्यांत देशात यावे लागत. साहेबांनी ते नवव्या दिवशी धाडले. आता गणेशोत्सवासाठी मोठा माल करावयाचा ठरला. मोदकाचे पीठ, साचे, हळदकुंकू, वाती, वस्त्रे. बिल १,८०,००० रुपयांच्या घरात. पीठ दळून घेण्यास व साचे उचलण्यास रोख हवी, म्हणून ताईंनी दोन पाटल्या बँकेत ठेवून कर्ज काढले. आम्हांस हे मागाहून समजले. आधी समजले असते तर आम्ही निराळे वागलो असतो काय? असतो, असे म्हणावयास जीभ उचलत नाही.

कारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ताईंचा आम्हांस दूरध्वनी आला होता. तोवर त्यांच्याशी आमचे बोलणे कधी झाले नव्हते. "भाऊ, साहेबांनी तुमचा नंबर पूर्वी कधी दिला होता. फोन करू नकोस असंही सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "पण राहवलं नाही. कागदाचं काही राहिलं नाही ना? एवढंच विचारते. मला त्यातलं काही उमजत नाही."

राहिले होते. संकेतांक एकदा काढला की संपले, असे नाही. २०२१ सालापासून तो दरवर्षी एप्रिल ते जून या अवधीत संकेतस्थळावर जाऊन अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी 'बदल नाही' असे कळवावे लागते. न केल्यास तो निष्क्रिय होतो. या कामास त्या अवधीत शुल्कही पडत नाही. ताईंनी ते केले आहे की नाही हे आम्हांस ठाऊक नव्हते. पण ज्या अर्थी त्या असे विचारीत होत्या, त्या अर्थी केले नसावे, हे ओळखण्यास फार बुद्धी लागत नव्हती. तीस जूनला दहा दिवस होते. एक वाक्य पुरे झाले असते.

आम्ही म्हणालो, "ताई, मी त्याच खात्यात नोकरीला आहे. याविषयी मला काही बोलता येणार नाही. नियम आहे."

"बरं, बरं," त्या घाईघाईने म्हणाल्या, "तुमच्या नोकरीला काही व्हायला नको." आणि त्यांनीच फोन ठेवला.

खरे सांगावयाचे तर त्या रात्री आम्हांस स्वतःविषयी काहीसा अभिमानच वाटला. सौभाग्यवतींस आम्ही ही गोष्ट सांगितली तीही एखाद्या पराक्रमासारखी. त्या ताटे उचलता उचलता म्हणाल्या, "दवाखान्याची वेळ विचारली असती तरी तुम्ही हेच सांगितलं असतंत." आम्ही हा शेरा नोंद न घेता सोडून दिला.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. गणपती लांबले, १९ सप्टेंबरला आले. एक महिना आयता हाती आला, म्हणून ताई निश्चिंत होत्या. ७ ऑगस्टला एजंट शिपिंग बिल भरावयास बसला, तेव्हा संगणकाने ते घेतले नाही. संकेतांक निष्क्रिय. तो जागा करणे कठीण नसते. भरावयाचे तेच भरावयाचे असते. पण त्यासाठी मोबाईलवर येणारा अंक हवा, आणि तो अंक जाई पुतण्याच्या त्या जुन्या क्रमांकावर. पुतण्या एव्हाना नोकरीनिमित्त आखातात गेला होता आणि तो क्रमांक बंद पडून दुसऱ्याच कोणाच्या खिशात वाजत होता. क्रमांक बदलून घेणे, त्यासाठी पुन्हा कागद, मध्ये १५ ऑगस्ट. अकरा दिवस गेले. न्हावा-शेवाहून ठरलेली आगबोट तोवर सुटली. नंतरच्या बोटीचा माल कोलंबोस उतरून दुसऱ्या बोटीवर चढणारा होता. तो पोर्ट लुईस पोचला २४ सप्टेंबरला, गणपती जाऊन बसल्यावर.

हळदकुंकू आणि वाती दिवाळीत खपल्या. तेथे दिवाळीचीही सुटी असते. वस्त्रेही हळूहळू गेली. परंतु मोदकाचे पीठ कोण घेणार? साच्यांची खोकी जावयाच्या गॅरेजमध्ये रचली गेली. साठ हजारांच्या आसपास बुडाले. आणि ज्या दोन दुकानदारांनी पाट्या लावून ठेवल्या होत्या, त्यांनी पुढे कधी माल मागितला नाही. धंदा म्हणून जे काही होते ते तेथेच थांबले. साहेबांनी ताईंस पै न पै चुकती केली. पेन्शन विकून आलेल्या पैशांतून केली, हे बाईसाहेबांनी आमच्या सौभाग्यवतींस सांगितले. साहेबांनी आम्हांस नाही. पाटल्या सुटल्या.

मधल्या काळात आम्ही साहेबांस एक लांबलचक मेल लिहिला. जूनमधील संभाषण जसेच्या तसे त्यात घातले, आचरण नियमांचा हवाला दिला आणि शेवटी, "आपणच घालून दिलेल्या शिस्तीप्रमाणे वागलो," असे लिहिले. ते लिहिताना आम्हांस शाबासकीची अपेक्षा होती की क्षमेची, हे आज सांगता येत नाही. उत्तर आठ दिवसांनी आले. नेहमीचे आरंभीचे वाक्य त्यात नव्हते.

"तुमचे पत्र पोचले. ताईच्या कामात तुम्ही पडला नाहीत हे योग्य केलेत. तिने तुम्हांस विचारले ते मात्र काम नव्हते, ती चौकशी होती. आचरण नियमांपैकी नियम १५ तुम्ही वाचला आहे असे दिसते. नियम ११ही वाचावा. मीही तो उशिरा वाचला. आमच्या टेबलाशी आलेल्या किती माणसांना मी 'संकेतस्थळ पाहा' म्हणून परत पाठविले, याचा हिशेब येथे दुपारी वेळ जात नाही तेव्हा करीत बसतो. पानिपतच्या त्या गृहस्थांस पेढे परत केले ते ठीक. पण त्यांचा अर्ज कशासाठी अडला होता हेही त्याच शिपायाबरोबर कळविता आले असते. ते कळविले नव्हते. आठवते?"

आम्हांस आठवले. तो अर्ज बँकेच्या शाखेचे नाव अपुरे असल्याने अडला होता, आणि तो गृहस्थ तीन वेळा दिल्लीस आला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत आम्ही कपाटातून केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ ही पुस्तिका काढली. नियम १५ खाजगी व्यापार आणि नोकरी यांविषयी. सरकारी नोकराने पूर्वानुमतीवाचून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापार करू नये, आप्ताच्या किंवा अन्य कोणाच्या धंद्यासाठी खटपट करू नये, वगैरे. सरकारच्या संकेतस्थळावर जगजाहीर असलेली तारीख एका बाईस सांगू नये, असे त्यात कोठे नाही. चार पाने मागे नियम ११. माहितीचा अधिकार आल्यानंतर त्याची भाषा पालटलेली आहे. सरकारी नोकराने आपले कर्तव्य बजावताना, सद्भावनेने, २००५च्या कायद्यास अनुसरून माहिती द्यावी, असे त्याच्या आरंभीच म्हटले आहे. न देण्याच्या गोष्टी त्यानंतर येतात. आम्ही बारा वर्षे या खात्यात आहो. विभागीय परीक्षेस हा नियम पाठ करून गेलो होतो. पाठ केला होता तो केवळ उत्तरार्ध.

त्यानंतरच्या एप्रिलात आम्ही टेबलाशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटविला. हिंदीत आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: संकेतांक ३० जूनपूर्वी अद्ययावत करावा, आपला मोबाईल क्रमांक चालू आहे ना, हे पाहावे. तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी तो कोणाच्या आदेशाने लावला अशी पृच्छा केली. आदेश नव्हता, म्हणून कागद उतरला. मग आम्ही तोंडाने सांगू लागलो. येणारी माणसे प्रथम संशयाने पाहतात. फुकट मिळालेल्या माहितीमागे काय असेल, असा त्यांस प्रश्न पडत असावा.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी धीर करून आम्ही सांगलीस फोन लावला. ताईंनी आवाज ओळखला. त्यांचा तो संकेतांक आता कशास हवा, हे आम्हांसही ठाऊक नव्हते. तरी सांगावयाचे ते वाक्य आम्ही सांगितले.

"ते ना भाऊ? ते मी एक तारखेलाच केलं," ताई म्हणाल्या. "नंबरही माझा आहे आता. साहेबांचं पुन्हा मन झालं तर असू दे म्हणून." मग थोडे थांबून म्हणाल्या, "यंदाची हळद चांगली आहे हो. थोडी पाठवून देऊ का घरी?"

आम्ही एक किलोची किंमत विचारली आणि पैसे त्याच रात्री पाठविले. पुडा आला तो दीड किलोचा. वरच्या अर्ध्या किलोचे काय करावे, याविषयी अद्याप साहेबांस विचारलेले नाही.